निबंधात येशू आला तर मार्क किती?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डिक्सन काउंटी आहे. तिथल्या सरकारी शाळेत 1991 साली नववीच्या इंग्रजीच्या बाईंनी मुलांना संशोधनपर निबंध लिहायला दिला. विषय मुलांनीच निवडायचा, पण तो रंजक हवा, सभ्य हवा आणि त्यावर संशोधन करता यायला हवं. किमान चार संदर्भ वापरायचे आणि विषयाला बाईंची मंजुरी घ्यायची. एका मुलीने 'नाटक' हा विषय मंजूर करून घेतला आणि नंतर न विचारता आराखडा आणून दिला तो येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा. बाईंनी तो परत केला. धर्माशी संबंधित विषय चालेल, पण निव्वळ ख्रिस्ती धर्मावर किंवा येशूच्या चरित्रावर नको, असं त्यांनी सांगितलं. मुलीने विषय बदलायला नकार दिला आणि तिला शून्य मिळालं.

गृहपाठात विद्यार्थ्याची श्रद्धा उतरली तर मार्क कसे द्यायचे, या अमेरिकी वादात आजही या शून्याचा दाखला दिला जातो. बाईंनी नकाराची जी कारणं सांगितली, ती एकेक करून पाहण्यासारखी आहेत. विषय बदलताना परवानगी घेतली नाही, हे एक. मुलगी इतकी श्रद्धाळू आहे की तिला या विषयाकडे तटस्थपणे पाहता येणार नाही आणि लाल शाईच्या खुणा ती मनाला लावून घेईल, हे दुसरं. येशूबद्दल तिला आधीच भरपूर माहिती आहे, आणि निबंधाचा हेतू तर अनोळखी विषयाची माहिती शोधून मांडायला शिकवणं हा होता. येशूच्या चरित्राला बायबलशिवाय दुसरा आधार नाही, मग चार संदर्भ आणणार कुठून? आणि शेवटचं कारण असं, की वर्गात धर्माचा विषय काढायला कायद्याचीच मनाई आहे.

शेवटची दोन कारणं सरळ चुकीची होती. येशूच्या काळावर आणि चरित्रावर इतिहासकारांनी कपाटंच्या कपाटं भरून लिहिलं आहे. आणि कायद्याची तशी मनाई तेव्हाही नव्हती, आजही नाही. त्यात भर म्हणजे याच वर्गात इतर मुलांना पुनर्जन्म, प्रेतात्म्यांशी संवाद आणि जादूटोण्याचा इतिहास हे विषय मंजूर झाले होते. मुलीच्या वडिलांनी शाळेला कोर्टात खेचलं, यात नवल नाही.

कायद्याची मनाई आहे, ही समजूत बाईंच्या एकटीची नव्हती. 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एंगल विरुद्ध विटाले' खटल्यात न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली आणि सरकारी शाळांत म्हणून घेतली जाणारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी, 1963 मध्ये, 'ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प' खटल्यात शाळेच्या वतीने होणारं बायबलवाचन बंद झालं. शेम्पच्या निकालपत्रातच न्यायालयाने म्हटलं होतं की साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबलचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला काहीच हरकत नाही. पण निकालपत्र वाचतो कोण? 'शाळेतून देव हद्दपार झाला' एवढंच लोकांच्या कानावर गेलं, आणि पुढची तीस वर्षं कित्येक शिक्षक त्याच धास्तीने वागले. बंधन होतं ते शाळेवर, म्हणजे सरकारवर. मूल आपल्या वहीत काय लिहितं, त्यावर नव्हतं.

मुलांच्या बाजूने पहिला मोठा निकाल आला 1969 मध्ये, आणि त्याचा धर्माशी संबंध नव्हता. आयोवातल्या डे मॉइन शहरात व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलं दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आली आणि शाळेने त्यांना घरी पाठवलं. 'टिंकर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालय म्हणालं की शाळेच्या फाटकातून आत आल्यामुळे विद्यार्थ्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. 1988 च्या 'हेझलवूड' खटल्यात काटा उलट फिरला. तिथे वाद शाळेच्या वार्तापत्राचा होता. जे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होतं, त्यावर शाळा रास्त शैक्षणिक कारणासाठी नियंत्रण ठेवू शकते, असं न्यायालयाने ठरवलं. गृहपाठ आणि निबंध उघडच या दुसऱ्या खात्यात पडतात.

'सेटल विरुद्ध डिक्सन काउंटी' हा निबंधाचा खटला सहाव्या सर्किटच्या, म्हणजे टेनेसीसह काही राज्यांच्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयात 1995 मध्ये निकाली निघाला आणि शाळा जिंकली. न्यायमूर्ती मेरिट यांनी लिहिलं की वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा शिकणं महत्त्वाचं. मार्क देणं म्हणजे मजकुराची पारख करणंच, तेव्हा शिक्षकाला मोकळीक हवीच. बाईंची काही कारणं चुकीची असतील, तरी ती त्या मोकळिकीत बसतात. अट एकच घातली: शिक्षणाचं नाव पुढे करून विद्यार्थ्याला त्याच्या वंशाबद्दल, धर्माबद्दल किंवा राजकीय मताबद्दल शिक्षा करायची नाही. न्यायमूर्ती बॅचेल्डर यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांच्या मते हा घटनेचा प्रश्नच नव्हता, दिलेलं काम सांगितल्याप्रमाणे न केल्याचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं नाही.

मला हा निकाल पटतो आणि खटकतोही. विषय न विचारता बदलला, हे एवढंच कारण शून्याला पुरेसं होतं. पण मुलीची श्रद्धा दांडगी म्हणून ती तटस्थपणे लिहू शकणार नाही, हे शिक्षकाने निबंध वाचण्याआधीच ठरवायचं आणि न्यायालयाने त्याला मोकळीक म्हणायचं, हे काही गळी उतरत नाही. फुटबॉलवेड्या मुलाला फुटबॉलवर लिहू नकोस, असं कोणी म्हणतं का?

योगायोग असा, की या प्रश्नाची आजची शब्दरचनाही त्याच 1995 सालात तयार झाली. त्या एप्रिलमध्ये एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या संघटना एकत्र आल्या. अमेरिकन ज्यूइश काँग्रेस, नागरी स्वातंत्र्यवाल्यांची एसीएलयू, इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांची राष्ट्रीय संघटना आणि इतर अनेकांनी मिळून शाळेतल्या धर्माविषयीचा चालू कायदा सोप्या भाषेत लिहून काढला. गृहपाठाबद्दल त्यात म्हटलं होतं की केवळ धार्मिक चिन्ह किंवा विषय आहे म्हणून शिक्षकाने काम नाकारू नये किंवा दुरुस्त करू नये. आशय, विषयाशी संबंध, मांडणी आणि व्याकरण या नेहमीच्याच निकषांवर ते तपासावं. जुलैमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी व्हर्जिनियातल्या एका हायस्कूलमध्ये याच विषयावर भाषण केलं आणि ऑगस्टमध्ये शिक्षणमंत्री रायली यांच्या खात्याची मार्गदर्शक तत्त्वं देशभरच्या शाळांना गेली. 'नेहमीचे शैक्षणिक निकष' हे शब्द तेव्हापासून जे चिकटले ते आजपर्यंत.

2003 मध्ये बुश सरकारने त्यात एक चांगलं उदाहरण घातलं. कविता लिहायला सांगितली आणि विद्यार्थ्याने प्रार्थनेच्या रूपात कविता लिहिली, तर ती कविता म्हणून कशी आहे ते बघा. प्रार्थना आहे म्हणून मार्क कापू नका आणि वाढवूही नका. यातल्या दुसऱ्या अर्ध्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या गावात शिक्षक आणि पालक एकाच चर्चमध्ये जातात, तिथे भक्तिभावाने लिहिलेल्या सुमार निबंधाला दोन मार्क जास्त पडण्याचीच धास्ती अधिक. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलालाही हाच नियम लागू होतो. 'माझा आवडता सण' म्हणून त्याने गणेशोत्सव लिहिला, तर बाप्पावरच्या भक्तीमुळे मार्क जाणार नाहीत. पण वर्णन विस्कळीत असेल तर बाप्पाही वाचवणार नाही.

न्यू जर्सीचाच एक खटला याच काळातला. मेडफर्ड गावात 1994 मध्ये बालवाडीतल्या मुलांना थँक्सगिव्हिंगसाठी 'मी कशाबद्दल आभारी आहे' याचं चित्र काढायला सांगितलं. एका मुलाने येशू काढला. चित्र भिंतीवर लागलं, मग उतरवलं गेलं आणि नंतर कमी नजरेत भरेल अशा जागी लागलं. पुढे पहिलीत त्याने वर्गात वाचायला मुलांच्या बायबलमधली गोष्ट आणली, तेव्हा ती वर्गासमोर न वाचता बाईंना एकट्याला वाचून दाखव, असं त्याला सांगण्यात आलं. तिसऱ्या सर्किटच्या पूर्ण पीठात 2000 साली या वाचनाच्या मुद्द्यावर समसमान मतं पडली, म्हणून शाळेच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो पुढे 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. दिलेल्या कामाला धरून मुलाने उत्तर दिलं असेल, तर त्यातल्या धार्मिक दृष्टिकोनामुळे त्याच्याशी वेगळं वागता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. इथे वाद मार्कांचा नव्हता, वर्गासमोर मांडण्याचा होता. दोन्ही गोष्टींची गल्लत फार होते.

पुढची पायरी म्हणजे राज्यांचे कायदे. टेक्ससने 2007 मध्ये, फ्लोरिडाने 2017 मध्ये केंद्राची तत्त्वं जवळपास तशीच कायद्यात उतरवली. ओहायोच्या विधानसभेत 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तसंच विधेयक मंजूर झालं तेव्हा मात्र गदारोळ उठला. 'आता विज्ञानाच्या पेपरात चुकीचं उत्तर धर्माच्या नावावर खपणार' अशा बातम्या सगळीकडे फिरल्या. उत्क्रांतीच्या प्रश्नाला 'पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली' असं उत्तर आलं तर काय, हा प्रश्न रास्तच होता. विधेयक मांडणारे आमदार गिंटर यांनी सांगितलं की धर्मग्रंथाचा हवाला देऊन प्रश्न टाळता येणार नाही. एसीएलयूच्या प्रतिनिधीला विधेयकाची भाषा तेवढी स्पष्ट वाटत नव्हती. जून 2020 मध्ये राज्यपाल डीवाइन यांची सही झाली.

ओहायोचं कलम शांतपणे वाचलं तर त्यात 1995 चेच शब्द आहेत: आशय आणि संबंध यांचे नेहमीचे निकष, धार्मिक मजकुराबद्दल शिक्षा नाही, बक्षीसही नाही. ओहायो सहाव्या सर्किटमध्येच मोडतं, म्हणजे डिक्सनचा निकाल तिथेही लागू. 'उत्क्रांतीचा सिद्धांत काय सांगतो?' या प्रश्नाला बायबलमधलं उत्तर दिलं तर ते विचारलेल्याचं उत्तर नाही, म्हणून मार्क जातील. 'तुझं मत काय?' असं विचारलं, तर मात्र मताला मार्क कापता येणार नाहीत. तेव्हा बरंचसं भांडण प्रश्नपत्रिका काढतानाच मिटवता येतं.

2025 च्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात हेच पुन्हा समोर आलं, या वेळी कॉलेजच्या पातळीवर. मानसशास्त्राच्या वर्गात लिंगभावविषयक एका शोधलेखावर प्रतिक्रिया लिहायची होती, 25 मार्कांना. एका विद्यार्थिनीने बायबलचा आधार घेऊन लेखाला विरोध करणारी प्रतिक्रिया लिहिली आणि तिला शून्य मिळालं. तपासणाऱ्या अध्यापन-सहायकाचं म्हणणं, मार्क श्रद्धेमुळे गेले नाहीत, पुराव्याऐवजी वैयक्तिक मत मांडल्यामुळे आणि प्रश्नाला धरून न लिहिल्यामुळे गेले. विद्यापीठाने या पेपरची तपासणी मनमानी ठरवली आणि सहायकाला अध्यापनाच्या कामावरून दूर केलं. प्रश्नातच विचारपूर्वक 'प्रतिक्रिया' मागितली होती आणि शोधलेखाशी सांगड हा निकष होता. पुराव्याची अट मात्र तितक्या ठळकपणे मांडलेली नव्हती. डिक्सनच्या बाईंनी चार संदर्भांची आणि मंजुरीची अट आधी सांगून ठेवली होती, आणि काही चुकीची कारणं देऊनही त्या कोर्टात टिकल्या, त्यात याचाही वाटा होता.