लीगच्या आधीचा चषक

इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल चषकाला आता काही किंमत उरली आहे का, हा प्रश्न दर जानेवारीत, मोठे क्लब जिथे उतरतात त्या तिसऱ्या फेरीच्या तोंडावर निघतो. मोठे क्लब राखीव खेळाडू उतरवतात आणि पूर्वीची मजा राहिली नाही, असं जुने प्रेक्षक म्हणतात. खापर बहुतेक वेळा प्रीमियर लीगच्या पैशावर फुटतं. ते चूक नाही, पण चषक आणि लीग यांच्यातली ओढाताण प्रीमियर लीग सुरू झाली त्या १९९२ पेक्षा कितीतरी जुनी आहे. लीगचा जन्मच तिच्यातून झाला.

इंग्लंडमध्ये आधी चषक आला. २० जुलै १८७१ रोजी लंडनमध्ये ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत फुटबॉल असोसिएशनची, म्हणजेच एफएची, बैठक झाली. सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी सगळ्या सदस्य क्लबांसाठी चषक स्पर्धा घेण्याचा प्रस्ताव मांडला. अल्कॉक हॅरो शाळेत शिकलेले. तिथे वसतिगृहांचे संघ ‘हरला तो बाहेर’ या नियमाने एकमेकांशी भिडत, तीच कल्पना त्यांनी देशभरासाठी उचलली. पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावं दिली. १६ मार्च १८७२ ला केनिंग्टन ओव्हलवर सुमारे २००० प्रेक्षकांसमोर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असं हरवलं, आणि विजयी कर्णधार होते स्वतः अल्कॉक. क्लबांना खऱ्या अर्थाने जिंकण्यासारखं देशपातळीवर तेव्हा दुसरं काही नव्हतं.

पहिली दहा-अकरा वर्षं हा चषक लष्करी अधिकारी आणि श्रीमंत शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघांतच फिरत राहिला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सचा २-१ असा पराभव केला. गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसांचा हा संघ होता.  त्यानंतर शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना चषक पुन्हा मिळाला नाही. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली.

इथेच पेच उभा राहिला. खेळाडूंचा पगार दर आठवड्याला द्यायचा, आणि चषकात पहिल्याच फेरीत हरलं की वर्षभराची कमाई संपली. मैत्रीपूर्ण सामने ठरत, पण ऐनवेळी रद्दही होत. अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी १८८८ मध्ये पुढाकार घेतला आणि १२ क्लबांनी ठरावीक सामन्यांची फुटबॉल लीग सुरू केली. म्हणजे चषकातली अनिश्चितता क्लबांना परवडेना, म्हणून लीग आली. एका दुपारी सगळं पणाला लावायचं की हमखास उत्पन्न बघायचं, हा आज मांडला जाणारा हिशेब मॅकग्रेगर यांच्याच काळातला आहे.

तरीही पुढची जवळजवळ शंभर वर्षं लोकांच्या मनात वरचढ राहिला तो चषकच. १९२३ मध्ये नव्या वेम्ब्लीवर पहिला अंतिम सामना झाला. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा. प्रत्यक्षात आत शिरलेले दोन लाखांच्या घरात असावेत, असे अंदाज आहेत. गर्दी थेट मैदानात उतरली. जॉर्ज स्कोरी या पोलिसाने आपल्या बिली नावाच्या घोड्यावरून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिला हळूहळू रेषेबाहेर सारलं, तेव्हा कुठे बोल्टन आणि वेस्ट हॅम यांचा खेळ सुरू झाला.

मला त्याहून बोलका वाटतो १९५३ चा सामना. ब्लॅकपूलने बोल्टनला ४-३ असं हरवलं. स्टॅन मॉर्टेनसनने तीन गोल केले, पण सामना ओळखला जातो तो स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या नावाने. मॅथ्यूज ३८ वर्षांचे होते आणि १९४८ व १९५१ चे अंतिम सामने हरले होते. या माणसाला एकदा तरी ते पदक मिळावं, असं प्रतिस्पर्धी शहर सोडून साऱ्या देशाला वाटत होतं. त्या काळी हे पदक खेळाडूच्या आयुष्याचं माप होतं.

या प्रतिष्ठेला टीव्हीचाही मोठा हातभार लागला, हे मान्य करायला हवं. १९८३ पर्यंत इंग्लंडमध्ये लीगचे सामने नियमितपणे थेट दिसत नव्हते. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या शनिवारी, क्लब फुटबॉल थेट घरात येई. १९७० मध्ये चेल्सी आणि लीड्स यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर झालेला फेरसामना सुमारे २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. मग थेट प्रक्षेपण रोजचंच झालं आणि मेमधल्या त्या शनिवारचं अप्रूप ओसरलं.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची दारं देशोदेशीच्या लीग विजेत्यांखेरीज इतरांनाही उघडली. लीगमधला चौथा क्रमांक चषकापेक्षा मोलाचा ठरू लागला. १९९९-२००० च्या हंगामात तर गतविजेता मँचेस्टर युनायटेड स्पर्धेत उतरलाच नाही. तो ब्राझीलमध्ये क्लब विश्वचषक खेळायला गेला, आणि २००६ च्या विश्वचषकाच्या यजमानपदावर डोळा ठेवून असलेल्या असोसिएशननेच त्याला मोकळीक दिली. मला ही राखीव खेळाडू उतरवण्यापेक्षा फार मोठी चूक वाटते, कारण ती घरातूनच झाली. चषकाच्या रखवालदाराने चषक दुय्यम असल्याचं जाहीर करून टाकलं.

पुढचं सगळं त्याच वाटेने गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये श्र्यूजबरीविरुद्धचा फेरसामना हिवाळी सुट्टीत आला, तेव्हा लिव्हरपूलने पोरसवदा संघ उतरवला आणि प्रशिक्षक युर्गन क्लॉप मैदानावर आलेच नाहीत. पोरांनी सामना १-० असा जिंकला, ही गोष्ट वेगळी. पैशाच्या बाजूने पाहिलं तर क्लबांना दोषही देता येत नाही. २०२३-२४ मध्ये अंतिम सामना जिंकणाऱ्याला २० लाख पौंड मिळाले. त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघाच्या पदरात १० कोटींहून अधिक पडले.

मग उरलं काय? विगनचं उदाहरण घ्या. ११ मे २०१३ ला बेन वॉटसनच्या भरपाई वेळेतल्या हेडरवर त्यांनी मँचेस्टर सिटीला हरवून चषक जिंकला आणि तीनच दिवसांनी ते प्रीमियर लीगमधून खाली घसरले. एकाच हंगामात दोन्ही घडलेला हा पहिला क्लब. हिशेबाच्या वहीत तो हंगाम तोट्याचा. पण त्या क्लबच्या इतिहासात त्या दुपारच्या तोडीचं काही आहे, असं मला वाटत नाही. लेस्टरला २०२१ मध्ये पहिला चषक मिळाला तो चार अंतिम सामने हरल्यानंतर. १७ मे २०२५ ला क्रिस्टल पॅलेसने सिटीला १-० असं नमवलं. गोल एबेरेची एझेचा, आणि डीन हेंडरसनने पेनल्टी अडवली. पॅलेसचं ते पहिलंच मोठं जेतेपद. युरोपच्या वाऱ्या करणाऱ्या पाच-सहा क्लबांना चषक जादाचा वाटत असेल, पण ज्यांना लीग कधीच जिंकता येणार नाही, अशांसाठी दुसरा रस्ताच नाही.

आणि अगदी खाली? दरवर्षी सातशेहून अधिक क्लब या स्पर्धेत उतरतात. ऑगस्टमध्ये सुरुवात होते. वरच्या दोन श्रेणींतले ४४ संघ येतात थेट तिसऱ्या फेरीत, आणि तिथे त्यांच्या समोर उभे असतात खालून झगडत आलेले २० संघ. एक्सिटर सिटी २००५ मध्ये लीगबाहेर पाचव्या श्रेणीत असलेला, कर्जात बुडालेला आणि चाहत्यांनी वाचवलेला क्लब होता. ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी युनायटेडला ०-० असं रोखलं. फेरसामना ते हरले, पण दोन सामन्यांच्या तिकिटांच्या आणि प्रक्षेपणाच्या पैशाने क्लब सावरला.

तो फेरसामनाच आता गेला. आधी पाचव्या फेरीतला काढला, मग कोविडच्या साथीच्या काळात तात्पुरते सगळे बंद केले आणि २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढे ते कायमचे रद्द झाले. कारण दिलं गेलं युरोपीय स्पर्धांच्या वाढलेल्या वेळापत्रकाचं. खालच्या श्रेणीतल्या क्लबांनी, आम्हाला विचारलंच नाही, म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली. माझ्या मते चषकाला बसलेला हा सगळ्यात खोल घाव आहे, कारण ज्यांना त्याची किंमत अजून आहे, नेमकं त्यांच्याच ताटातलं यात काढून घेतलं गेलं.

पहिल्याच हंगामात त्याचा प्रत्यय आला. १२ जानेवारी २०२५ ला पाचव्या श्रेणीतल्या टॅमवर्थने आपल्या चिमुकल्या मैदानावर टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० असं रोखून धरलं. जुना नियम असता तर शिट्टी वाजताच तो क्लब टॉटनहॅमच्या साठ हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियमवर दुसऱ्या सामन्यासाठी निघाला असता, आणि गल्ल्यातला वाटाही घेऊन परतला असता. त्याऐवजी लगेच जादा वेळ सुरू झाला. टॉटनहॅमने बाकावरून ताजे खेळाडू आणले आणि अर्ध्या तासात तीन गोल झाले.