सायकल कॉम्प्युटरवर नकाशा दिसतो, म्हणजे त्याला रस्ता कळतो का?

सायकलसाठी जीपीएस कॉम्प्युटर शोधायला लागलं की साध्या आणि महागड्या, दोन्ही मॉडेलांच्या खोक्यांवर 'नेव्हिगेशन' लिहिलेलं सापडतं. किमतीत मात्र मोठी तफावत. जाहिरातीत स्क्रीनचा आकार, रंग, टचस्क्रीन असलं काहीबाही ठळक छापलेलं असतं. खरा फरक असतो आत. एक कॉम्प्युटर तुम्ही दिलेली रेघ दाखवतो, दुसऱ्याला रस्ते माहीत असतात. या दोघांच्या मधला एक प्रकार आहे, आणि गिऱ्हाईक फसतं ते बहुधा तिथेच.

आधी रेघेचं बघू. माहितीपत्रकात याला 'ब्रेडक्रम्ब' नेव्हिगेशन म्हणतात. घरी बसून ॲपवर रूट आखायचा आणि त्याची जीपीएक्स फाइल डिव्हाइसमध्ये टाकायची. ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. एकाखाली एक अक्षांश-रेखांशांच्या जोड्या, सोबत बहुतेकदा उंची, की संपलं. तो बिंदू कोणत्या रस्त्यावर आहे, पुढे चौक आहे का, याचा पत्ता नाही. डिव्हाइस हे बिंदू जोडून रिकाम्या पडद्यावर रेघ काढतं आणि तुमचा बाण तिच्यावर ठेवतं.

मोकळ्या रस्त्यावर एवढं पुरतं. गोची होते फाट्यावर. समजा, दोन रस्ते अगदी लहान कोनात फुटतात आणि सुरुवातीचे पन्नासेक मीटर जवळजवळ समांतर जातात. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा जीपीएसची जागा साधारण ५ मीटरने इकडेतिकडे होते. दाट झाडी किंवा उंच इमारती असल्या की आणखी जास्त. पडद्यावर रेघ किंचित डावीकडे झुकलेली दिसते, पण दुसरा रस्ता तिथे काढलेलाच नाही, मग झुकलेली म्हणजे कशाच्या मानाने? तुम्ही अंदाजाने एक रस्ता धरता आणि बरंच पुढे गेल्यावर 'ऑफ कोर्स', म्हणजे रूट सुटला, असं पिपाणी वाजवून सांगितलं जातं. हे उतारावर झालं तर परतीचा चढ बोनस.

'पण माझं बिननकाशाचं डिव्हाइस तर वळणं सांगतं!' सांगतं, बरोबर. टीसीएक्स आणि फिट या फाइलींमध्ये वळणांच्या सूचना आधीच भरून ठेवता येतात. ॲपने रूट आखताना लिहिलेली चिठ्ठी डिव्हाइस ठरलेल्या जागी वाचून दाखवतं, इतकंच. तुम्ही रूट सोडलात की चिठ्ठ्याही संपल्या.

आता तो मधला प्रकार. पडद्यावर रस्ते, नद्या, गावांची नावं, सगळं रंगीत. फाट्यावर दोन्ही रस्ते डोळ्यांना दिसतात आणि निम्मी डोकेदुखी तिथेच संपते, हे मान्यच करायला हवं. पण हा नकाशा नुसता काढलेला असू शकतो. डिव्हाइसला त्यातलं काही वाचता येतं असं नाही. वाहू या कंपनीच्या २०१७ च्या पहिल्या एलेमेंट बोल्ट या मॉडेलवर नकाशा दिसायचा, पण रूट सुटल्यावर नवा रस्ता शोधायची सोय नव्हती. ती २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. गार्मिन कंपनीच्या डिव्हाइससाठी मिळणाऱ्या फुकट नकाशांचंही तेच. काही फाइलींमध्ये रूट काढण्याची माहिती असते, काहींमध्ये फक्त चित्र असतं. डोंगरउतारांच्या समोच्चरेषांचा वेगळा थर तर निव्वळ बघण्यापुरताच. माहितीपत्रकात 'मॅप' वाचून थांबू नका, 'राउटेबल' किंवा 'री-राउटिंग' हे शब्द शोधा.

राउटेबल नकाशात चित्रामागे एक जाळं असतं. कोणता रस्ता कोणत्या चौकात कोणाला मिळतो, लांबी किती, एकेरी आहे का, सायकलला परवानगी आहे का, वर डांबर आहे की माती. सायकल कॉम्प्युटरमध्ये ही माहिती बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपची असते. हा प्रकल्प २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि तो चालतो स्वयंसेवकांवर. त्यामुळे एखाद्या वाटेवर 'पृष्ठभाग: माती' अशी नोंद कोणी केलीच नसेल, तर डिव्हाइस तुमची रोड बाइक बिनदिक्कत चिखलात घालतं. अशा वेळी शिव्या डिव्हाइसला बसतात, पण उणीव नोंदीत असते. ती नोंद तुम्ही स्वतः भरू शकता. डिव्हाइसवर दिसायला नकाशाच्या पुढच्या अपडेटची वाट बघावी लागते.

याच जाळ्यामुळे एक गंमत होते. जीपीएक्स फाइलीत दोन वेगळ्या गोष्टी बसतात: ट्रॅक आणि रूट. ट्रॅकमध्ये शेकडो-हजारो बिंदू असतात, म्हणून रेघ रस्त्याला धरून राहते. रूटमध्ये मोजकेच बिंदू असू शकतात, मधलं डिव्हाइसने शोधायचं असतं. अशी रूटची फाइल रेघवाल्या डिव्हाइसमध्ये टाकली की रेघ तलाव, डोंगर, घरं ओलांडत सरळ जाते. फाइल बिघडलेली नसते. एक्स्पोर्ट करताना ट्रॅक निवडा, प्रश्न मिटतो.

री-राउटिंग असलेलं डिव्हाइस मग नेहमीच सरस का? मला तसं वाटत नाही. तुम्ही मुद्दाम लांबचा, रहदारी नसलेला, चढाचा रस्ता घेतलेला असतो. पाणी भरायला जरा बाजूला गेलात की डिव्हाइस हिशेब नव्याने मांडतं, आणि तुमचा तो चढ त्याला उगाचचा वळसा वाटू शकतो. बऱ्याच मॉडेलांत हे बंद करता येतं. आखलेला रूट असेल तर मी ते बंदच ठेवतो आणि नकाशा बघून स्वतः रेघेवर परत येतो.

इंटरनेटचं थोडक्यात: उपग्रह फक्त संदेश पाठवतात, नकाशा डिव्हाइसच्या मेमरीत असतो, त्यामुळे नेट लागत नाही. अपवाद एकच. काही मॉडेलं नवा रस्ता स्वतः न शोधता जोडलेल्या फोनकडून मागवतात. रेंज गेली की तीही रेघवाल्यांच्या पंगतीला.

रोजच्या ठरलेल्या रस्त्यावर व्यायाम करणाऱ्याला नकाशावर पैसे घालायचं कारण नाही. ब्रेव्हेवाल्यांना, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठणाऱ्यांना, आयोजक रूटची फाइल देतात आणि तो सोडायचाच नसतो. ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत, तेव्हा तिथे राउटिंगपेक्षा बॅटरी महत्त्वाची. रेघ आणि मागे साधा नकाशा पुष्कळ झाला. अनोळखी मुलखात भटकणाऱ्याने, पाऊस आला की बेत बदलणाऱ्याने मात्र राउटेबलच घ्यावं.

दुकानातल्या डेमोवर यातलं काही कळत नाही, कारण डेमोत कोणी रस्ता चुकत नाही. मित्राचं डिव्हाइस मागा, री-राउटिंगची सोय असेल तर ती चालू ठेवा, फोन बंद करा, छोटा रूट लोड करा आणि मुद्दाम चुकीचं वळण घ्या. नुसतं 'ऑफ कोर्स' आलं तर ती रेघ आहे, मागे कितीही रंगीत नकाशा असो. पुढच्या चौकात कुठे वळायचं ते सांगितलं, तर त्याला रस्ते कळतात.