गोठणारा गाभा आणि सोलापूरचा काळा कातळ

सोलापूर जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. भीमेच्या वाळूतून चुंबक फिरवलं की त्याला जी बारीक काळी कणी चिकटते, ती बहुतांशी याच कातळाची झीज. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत निवत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांत कोरली गेली. दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. तेव्हा होकायंत्र असतं, तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं!

पृथ्वीच्या पोटातला लोखंडाचा घन गोळा म्हणजेच चुंबक, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या वर टिकत नाही आणि तिथलं तापमान ५००० अंशांच्या आसपास. ते घन राहिलंय ते निव्वळ प्रचंड दाबामुळे. इंगे लेहमन या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून हा आंतरगाभा ओळखला. त्याची त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर.

क्षेत्र तयार होतं त्याच्याभोवतीच्या वितळलेल्या लोखंडात, म्हणजे बाह्यगाभ्यात. पण ते लोखंड ढवळत ठेवण्याचं काम बरंचसं आंतरगाभा करतो, आणि मला यातलं हेच सगळ्यांत विलक्षण वाटतं. पृथ्वी निवते आहे, म्हणून आंतरगाभा वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मिठाचं पाणी गोठायला लागलं की मीठ बर्फात फारसं उतरत नाही, उरलेलं पाणी जास्त खारट होतं. तसंच गोठणारं लोखंड ऑक्सिजन, सिलिकॉन अशी हलकी मूलद्रव्यं बाहेर टाकतं. ती मिसळलेला द्रव हलका होऊन वर चढतो. गोठताना सुटणारी उष्णता त्याला आणखी रेटा देते, पृथ्वीच्या फिरण्याने प्रवाहांना पीळ बसतो. हा वीजवाहक द्रव आधीच्याच चुंबकीय क्षेत्रातून वाहतो, त्यातून वीज निर्माण होते आणि ती वीज क्षेत्र टिकवून धरते.

आंतरगाभा जन्मण्याआधीही क्षेत्र होतं. ३०० कोटी वर्षांहून जुन्या खडकांत त्याच्या खुणा आहेत.

घन गाभा क्षेत्राला स्थैर्यही देतो, असं बरेच अभ्यासक मानतात. बाहेरच्या द्रवातलं क्षेत्र काही शतकांत बदलू शकतं, घन लोखंडात मुरलेलं बदलायला मात्र हजारो वर्षं लागतात. द्रवाने दिशा फिरवायला घेतली तरी गाभा जुनी दिशा धरून बसतो आणि उलटापालटीचे कित्येक प्रयत्न मध्येच विरतात. शेवटची पूर्ण उलटापालट झाली ती सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी.