पहिलं सीएनसी मशीन हेसुद्धा ‘कन्व्हर्जन’च होतं

टेबलावर मावणारं छोटं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र) आणायचं, तिन्ही हँडल काढून तिथे स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या) बसवायच्या आणि ते कॉम्प्युटरवर चालवायचं, हे ‘कन्व्हर्जन’चं काम आता बरेच जण घरी करतात. हे म्हणजे कारखान्यातल्या खऱ्या सीएनसीची (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनची) घरगुती नक्कल, असा एक समज आहे. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्याकडे सिकॉर्स्की हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम आलं. पात्याच्या आकारासाठी टेम्प्लेट (नमुन्याचे साचे) लागत. ड्रॉइंगवर वक्ररेषेचे १७ बिंदू मिळायचे आणि मधली रेष पट्टी वाकवून हातानेच आखायची. पार्सन्स यांच्याकडे आलेले इंजिनिअर फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्डवर चालणाऱ्या गणनयंत्राने त्याच रेषेवरचे २०० बिंदू काढून दिले.

आता एवढे बिंदू कापायचे कसे? मशीनवर तीन माणसं उभी राहिली. एक जण तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एक्स दिशेचं हँडल फिरवायचा, तिसरा वाय दिशेचं. कटर बिंदूवर उतरवायचा, उचलायचा, की पुढचा आकडा. उरलेले बारीक कंगोरे शेवटी कानशीने घासायचे. डायलवर शून्य धरून कधी काम केलं असेल, तर या तिघांचे खांदे संध्याकाळी किती भरून येत असतील ते सांगायला नको. आकडे कार्डावर आहेतच, तर कार्डानेच हँडल का फिरवू नये, हा पार्सन्स यांचा विचार इथलाच.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी पैसे दिले. मोटरींचं नियंत्रण हा पार्सन्स यांचा विषय नव्हता, म्हणून ते एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेले. पुढे हवाई दलाने एमआयटीशीच थेट करार केला आणि कल्पना ज्यांची, ते पार्सन्स बाजूला पडले. १९८५ मध्ये त्यांना आणि स्ट्युलेन यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, पण मधल्या काळात श्रेय एमआयटीच्याच नावावर जमा होत राहिलं. मला ते खटकतं.

एमआयटीने १९५२ मध्ये जे मशीन दाखवलं, ते नवं घडवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल हे तयार मिलिंग मशीन त्यांनी घेतलं, हँडलच्या जागी गिअर आणि साखळ्या लावून मोटरी जोडल्या आणि शेजारी फ्रिजएवढी पाच कपाटं उभी केली. त्यात २९२ व्हॅक्यूम ट्यूब होत्या. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम यायचे आणि विजेच्या एका स्पंदनाला टेबल ०.०००५ इंच सरकायचं. आज घरातल्या मशीनचा ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) नेमकं हेच करतो. साध्या स्टेपरला एका फेऱ्यासाठी २०० पावलं लागतात. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १० भाग केले आणि स्क्रूची पिच (एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) ५ मिमी असली, की एका मिलिमीटरला ४०० स्पंदनं होतात. कपाटं खिशात मावतील एवढी झाली, पण हिशेब तोच राहिला.

मोठ्या मशीनचा पुढचा इतिहास थोडक्यात असा. कारखानदार विकत घेईनात, म्हणून शंभरहून अधिक मशीन सरकारी पैशाने कारखान्यांत गेली. मग जी-कोडचं (मशीनला हुकूम द्यायच्या भाषेचं) प्रमाणीकरण झालं, ट्यूब जाऊन चिप आल्या, ‘एनसी’चं (न्यूमेरिकल कंट्रोल, म्हणजे आकड्यांवरचं नियंत्रण) कॉम्प्युटर जोडून ‘सीएनसी’ झालं. पण कंट्रोलर (हुकूम वाचून मोटरी चालवणारा भाग) बंद डब्यातच राहिला आणि छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेर राहिला.

तो डबा उघडला एका सरकारी संस्थेने. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १९९० च्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. सरकारी काम असल्यामुळे ते सर्वांसाठी खुलं होतं. त्यातूनच आजचं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर वाढलं. त्या वेळच्या प्रत्येक पीसीला मागे २५ पिनांचा प्रिंटर पोर्ट असे. एका पिनेवर ‘पाऊल टाक’, दुसरीवर ‘दिशा’, म्हणजे तीन अक्षांना सहा पिना पुरल्या. अडचण होती ती वेळेची. स्पंदनं ठरल्या अंतराने गेली नाहीत तर मोटर पाऊल चुकते आणि ते कुणाला कळतही नाही, म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला रिअल-टाइमची (काम नेमक्या क्षणी करण्याची) जोड द्यावी लागली. पुढे प्रिंटर पोर्ट गायब झाले. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी सुरू केलेलं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर तेच काम आर्डुइनो या छोट्या बोर्डाच्या चिपवर करू लागलं.

याच सुमारास शांघायच्या सीग कंपनीची एक्स२ सारखी छोटी मिलिंग मशीन निरनिराळ्या नावांनी जगभर पोचली होती. आपल्याकडेही या प्रवाहाचा एक धागा आहे. २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब (कॉम्प्युटरच्या मदतीने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा) सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. फॅब लॅबच्या ठरलेल्या साहित्यात टेबलावरचं, कॉम्प्युटरवर चालणारं छोटं मिलिंग मशीन असतंच.

मात्र एक गोष्ट कुठल्याही चिपने सोडवली नाही: स्क्रूमधला प्ले, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळी जागा. हाताने काम करताना आपण नकळत तो सांभाळतो. नेहमी एकाच बाजूने आकड्यावर येतो, पुढे गेलो तर अर्धा फेरा मागे घेऊन परत येतो. मोटरीला हे शहाणपण नसतं. मी मूळ स्क्रू तसाच ठेवून मोटरी लावल्या आणि ॲल्युमिनियममध्ये ४० मिमीचा गोल कापला. गोल आला, पण चार ठिकाणी नखाला लागेल अशी पायरी. जिथे जिथे एखाद्या अक्षाची दिशा उलटते, नेमकी तिथेच. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावला तेव्हा प्ले पाव मिलिमीटर निघाला. सॉफ्टवेअरमध्ये भरपाई घालता येते, पण कटर जॉबला (कापायच्या तुकड्याला) खेचायला लागला की टेबल त्या मोकळ्या जागेत हलतंच.

यावर इलाज म्हणजे बॉल स्क्रू. नट आणि स्क्रूच्या मधल्या खोबणीत पोलादी गोळ्या फिरत राहतात आणि नटला प्रीलोड (आधीच थोडा दाब) देऊन प्ले जवळजवळ संपवता येतो. घर्षण इतकं कमी होतं की वीज गेली की वजनाने उभा अक्ष स्वतःच खाली यायला बघतो. एक्स२ मध्ये तर उभ्या अक्षाला मूळचा स्क्रूच नाही, रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक) आहे, त्यामुळे तिथे बॉल स्क्रू नव्याने बसवावा लागतो. माझ्या मते कन्व्हर्जनचा पहिला खर्च मोटरीवर नाही, इथेच करावा.

मोटरी घेताना मी दोन्ही बाजूंनी शाफ्ट असलेल्या घेतल्या. मागच्या टोकावर जुनंच हँडल बसवलं आहे. ड्रायव्हर बंद करून जॉबच्या कडेला कटर टेकवताना अजूनही तेच फिरवतो.