केलिमाने झांबेझीच्या मुखावर नाही

मोझांबिकमधल्या झांबेझिया प्रांताची राजधानी केलिमाने. हे शहर झांबेझी नदीच्या मुखावर वसलं आहे आणि वास्को द गामाने ते शोधलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही चूक.

शहर समुद्रापासून साधारण वीस किलोमीटर आत आहे आणि त्याची नदी वेगळी: बोन्स सिनाइस, म्हणजे शुभचिन्हांची नदी. झांबेझीचा खरा त्रिभुज प्रदेश बराच नैर्ऋत्येला, चिंदे या गावाच्या बाजूला आहे. गोंधळाचं कारणही समजण्यासारखं आहे. पूर्वी पुराच्या दिवसांत एका फाट्यातून झांबेझीचं पाणी इकडे यायचं, होड्याही यायच्या. एकोणिसाव्या शतकात तो फाटा गाळाने भरत गेला, नकाशे मात्र जुनेच राहिले. आफ्रिका ओलांडून २० मे १८५६ रोजी इथे पोहोचलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशानेही हे झांबेझीचं मुख नव्हे, असं स्पष्ट लिहिलं.

आता 'शोधा'बद्दल. जानेवारी १४९८ मध्ये गामा या नदीत शिरला, तेव्हा काठावर वस्ती होती. त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत भेटीला आलेल्या दोन प्रमुखांचं वर्णन आहे; एकाच्या डोक्यावर हिरव्या सॅटिनची टोपी होती. त्यांच्यातल्या एका तरुणाने खुणांनी सांगितलं की, अशी मोठी जहाजं आपण आधी पाहिली आहेत. हिंदी महासागराचा व्यापार इथे पोहोचलेलाच होता, आणि गामाला शुभचिन्ह वाटलं ते नेमकं हेच!

आपल्यासाठी एक धागा: हा सगळा मुलूख १७५२ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता.