‘डाउन’ची जात कोणती?

कल्याणकडे जाणारी गाडी डाउन आणि सीएसएमटीकडची अप, हे ठाण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण इंग्रजीच्या वहीत ‘डाउन’ची जात लिहायची वेळ आली, की घरातले सगळे ‘अ‍ॅडव्हर्ब’ म्हणून मोकळे होतात.

‘शी वेंट डाउन’ या वाक्यापुरतं ते बरोबरच आहे. पण ‘डाउन ट्रेन’मध्ये तो अ‍ॅडजेक्टिव्ह आहे. पुलावरून धावत उतरताना ‘डाउन द स्टेअर्स’ म्हटलं, तर प्रिपोझिशन. ‘ही डाउन्ड हिज टी’, म्हणजे गाडी दिसताच चहा एका दमात घशाखाली घातला, इथे चक्क क्रियापद. आणि ‘अप्स अँड डाउन्स’मध्ये बहुवचनाचा ‘एस’ लावून नाम. एका शब्दाच्या पाच जाती! इंग्रजीत सुटा शब्द समोर ठेवून त्याची जात विचारणं बऱ्याचदा फोलच असतं.

हे नेहमीच असं नव्हतं. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम हे नाम ‘लुवू’ होतं आणि प्रेम करणं ‘लुवियन’. शेवट ऐकूनच जात कळायची, जशी आपल्याला ‘चालीवर’ आणि ‘चालतो’ यांतून कळते. पुढे काही शतकांत हे शेवट झिजले आणि दोघांचं मिळून एकच ‘लव्ह’ उरलं. मग जात ओळखायची कशावरून? शब्द वाक्यात कुठे बसलाय आणि शेजारी कोण आहे, यावरून.

शाळेतली ‘क्रिया दाखवतो तो व्हर्ब’ ही व्याख्या इथेच अडखळते. ‘अरायव्हल’ ही क्रियाच की, पण शब्द नाम आहे. त्याच्याआधी ‘द’ चालतो, ही खूण जास्त भरवशाची.

लहान मुलं ही खूण व्याख्या न शिकताच पकडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९५७ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक चित्र दाखवलं : भांड्यात कसलासा पदार्थ आणि तो मळणारे दोन हात. सोबत ‘सिब’ हा बनावट शब्द. ‘सिबिंग’ म्हटलं, की मुलं दुसऱ्या चित्रांमधून बहुधा तशीच क्रिया निवडत. ‘अ सिब’ म्हटलं की वस्तू, आणि नुसतं ‘सम सिब’ म्हटलं की तो पदार्थ. शब्दाला मुळात अर्थच नव्हता. जो काही अर्थ लागला, तो ‘इंग’, ‘अ’ आणि ‘सम’मुळे.

शाळेत शब्दांच्या जाती आठच का शिकवतात, हाही गमतीचा भाग. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काने ‘निरुक्त’ या ग्रंथात चारच धरल्या : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. ग्रीकांनी आठ मोजल्या, त्यात आर्टिकल, म्हणजे ‘द’सारखा शब्द, होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तेव्हा रोमन पंडितांनी ते गाळलं आणि केवलप्रयोगी अव्ययाला वेगळी जागा देऊन आठचा आकडा राखला! पाठांतराला सोयीचा, एवढंच त्याचं मोठेपण. आज संगणकाकडून वाक्यांची चिरफाड करून घेताना ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ ही पद्धत शब्दांच्या जातींसाठी १७ खुणा वापरते. त्यांत विशेषनाम वेगळं, सहायक क्रियापद वेगळं आणि विरामचिन्हांनाही स्वतःची खूण आहे. तीच यादी मराठी वाक्यांनाही लावतात.