आपला टीव्ही गेम आणि अमेरिकेतला निन्टेन्डो: दोन्ही एक नाहीत हो

नाशिकच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला की कोणीतरी टीव्ही गेमच्या राखाडी चौकोनी डब्याचा फोटो टाकतंच आणि खाली लिहितं, "आमच्याकडे पण सेम हाच होता, फुंकर मारून चालू करायचो." अरे नव्हता तो! सिडको असो की पंचवटी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जो होता तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या टीव्ही गेमची नक्कल होती. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ ला आला, तो फोटोतला डबा म्हणजे एनईएस (निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम), अमेरिकेत १९८५ ला आला. दोन्ही निन्टेन्डोचेच, गेमही बरेचसे तेच, मारिओ काय नि कॉन्ट्रा काय, ते तुम्हाला मी काय सांगणार. रंग, आकार, रिमोटची वायर हे फरक पण सोडून द्या.

खरी गोची त्या फुंकरीत आहे, गेम चालला नाही की त्याची कॅसेट काढून तिच्यात मारायचो ती. एनईएसमध्ये कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबायची, व्हीसीआरसारखी, आणि आतल्या पट्ट्या वापरून वापरून सैल व्हायच्या. त्यात निन्टेन्डोने नकली कॅसेट चालू नये म्हणून एक चिप मशीनमध्ये आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये बसवलेली, दोघींचं जुळलं नाही की मशीन दर सेकंदाला रिसेट होणार, म्हणून मशीनवरचा लाल दिवा आणि स्क्रीन लुकलुकते. फॅमिकॉमला ही चिप नव्हतीच, त्यामुळे आपल्या डब्यातही नाही, आणि म्हणूनच कोणीही बनवलेली '९९९९ इन वन', म्हणजे एकीत ९९९९ गेम असल्याचं सांगणारी कॅसेट, त्यात बिनधास्त चालायची (ज्यात मोजून थोडेच गेम, बाकी तेच लेव्हल बदलून परत परत, याचा राग मला आजही आहे). आपल्याकडे कॉन्टॅक्ट नीट लागला नाही तर दिवा शांतपणे चालूच राहायचा, स्क्रीनवर मात्र एकाच रंगाचा पडदा किंवा आकडे-चौकोनांचा कचरा. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या आठवणी सांगणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघावं.

आणि फुंकर दोन्हीकडे चुकीचीच. कॅसेट काढून परत लावली की तिच्या पिना, म्हणजे टोकाच्या धातूच्या पट्ट्या, घासल्या जायच्या, काम त्याने व्हायचं, श्रेय फुंकरीला. तोंडातला ओलावा उलट पिनांना गंज आणतो, फुंकू नका असं निन्टेन्डोनेही सांगितलंय. माळ्यावरचा डबा काढलात तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, वाळू द्या, मग लावा.

जुन्या कॅसेट ऑनलाइन मागवणार असाल तर आधी पिनांचा फोटो मागा. आपल्या छोट्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन मोठीला ७२. कन्व्हर्टरशिवाय ती आपल्या डब्यात बसणार नाही, कितीही जोर लावा, आणि प्लीज जोर लावू नका, स्लॉट तुटतो.